तक्रार जिथं होती तिथं

आमच्या नगरपालिकेची नवी वेबसाइट सोमवारी सुरू झाली आणि बुधवारपर्यंत गावात एकतीस लग्नं ठरली.

नगराध्यक्ष सी ताहर (मान द्यायला आम्ही नावाआधी 'सी' लावतो) इतके हरखले की त्यांनी सगळ्या कचेरीला लिंबाचं सरबत पाजलं. "बघ नेजला! गेल्या जूनमध्ये आख्ख्या महिन्यात नऊ लग्नं झाली होती. लोकांना नीट सोय करून दिली की ते लग्न करतात!"

वेबसाइट मी सांभाळते. ग्लास हातात धरूनच मी यादी उघडली. पहिली जोडी : सी बशीर, वय सत्तर, आणि 'मशिदीमागचं गटार'. दुसरी : पोस्टातल्या एक बाई आणि 'विजेचा खांब, क्रमांक सतरा'. तिसऱ्या अर्जात जोडीदार म्हणून बेकरीचा जनरेटर होता, आणि विशेष माहितीच्या रकान्यात लिहिलं होतं : 'सतत घरघर, धूर सोडतो, शेजारी हैराण.'

सरबत माझ्या नाकातून बाहेर आलं.

घोळ काय झाला ते मला लगेच कळलं. जुन्या वेबसाइटवर वर उजव्या कोपऱ्यात लाल बटण होतं : 'तक्रार'. आमची अरबी लिपी उजवीकडून सुरू होते, नजर आधी तिथंच जाते. नऊ वर्षं गावानं न वाचता ते बटण दाबलं होतं. नवी मांडणी करायला राजधानीतून, ट्यूनिसहून, गैथ नावाचा तरुण आला. त्याचं म्हणणं, पाहुण्याला दारातच रडगाणं कशाला? त्यानं तक्रार पार तळाशी, 'नागरिक सहभाग' नावाच्या मिटलेल्या यादीत ढकलली आणि त्या कोपऱ्यात, त्याच लाल रंगात, 'विवाह नोंदणी' आणून बसवली.

मी बैठकीत सांगितलं होतं, "अरे, हात तिकडंच जाणार."

"ताई, लोक वाचतात."

"नाही रे वाचत!"

पण सी ताहरना फुलांनी सजवलेल्या सभागृहाचा फोटो आवडला आणि विषय संपला. दोन्ही अर्जांचे रकाने सारखेच : अर्जदार, दुसरा पक्ष, पत्ता, फोन, विशेष माहिती. अर्ज गेला की दोन्ही पक्षांना आपोआप अभिनंदनाचा निरोप. खांबाला फोन नव्हता म्हणून बरं. पण एका दुसऱ्या पक्षाला होता.

गुरुवारी सकाळी ती दार ढकलून आत आली. लल्ला मोंजिया, म्हणजे मोंजियाबाई, निवृत्त सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं, मीसुद्धा. तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. 'अभिनंदन! सी लमजद यांच्याशी आपला विवाह येत्या शनिवारी अकरा वाजता.'

"पोरी, मी तुला पायाला धरून उलटी लटकवलीय. खरं सांग. हा माणूस दोन वर्षं माझ्या कोंबड्यावरून भांडतोय. तोंडानं विचारायची छाती नव्हती म्हणून नगरपालिकेकडून मागणी घातली का?"

"लल्ला, चूक झाली. सी लमजदनी तक्रार–"

"त्याला 'सी' कसलं लावतेस! काय लिहिलंय माझ्याबद्दल? वाच."

मी वाचलं. "'पहाटे चारपासून आरडाओरडा. समजावून पाहिलं, फरक नाही. दिसायला मात्र देखणा प्रकार. इजा करू नये, आवाज थोडा कमी व्हावा, एवढंच.'"

ती खुर्चीत कोसळली आणि इतकी हसली की शेजारच्या खोलीतले कारकून धावत आले.

एवढ्यात सी लमजद आले. बंदरावर तीस वर्षं मुकादम होते. बायको जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी परदेशी. रोज सकाळी सातला त्यांची तक्रार यायची आणि मी तीच आधी वाचायची, कारण खड्ड्याबद्दल लिहितानाही ते शेवटी माझी खुशाली विचारायचे. आज त्यांचे कान लाल झाले होते.

"नेजला, हे रद्द कर! कॉफीच्या दुकानात सगळे टेबलं बडवून वरातीची गाणी गाताहेत. आणि रद्द करायचं बटण मला कुठं–" त्यांना मोंजिया दिसली आणि वाक्य तिथंच राहिलं.

"या, नवरदेव," ती म्हणाली. "चष्मा कुठाय?"

"घरी."

"तरीच."

मला एकदम सुचलं. मी दोघांना माझ्या संगणकासमोर बसवलं. "तुम्हीच शोधा. मी बोलणार नाही. हात कुठं जातो ते मला बघायचंय."

मोंजियानं स्वतःचा चष्मा काढून त्यांच्या नाकावर चढवला. ते एक दाबत, ती म्हणे, "अहो, उजवीकडे!" आधी ते पोहण्याच्या तलावाच्या परवान्यावर गेले. मग बकऱ्यांच्या लसीकरणावर. मग लमजद पडद्याकडे वाकून म्हणाले, "हे काय? कबरीसाठी जागा?"

"लग्न मोडायला निघालो आणि कब्रस्तानात पोचलो," मोंजिया म्हणाली. "एवढी काय घाई आहे तुम्हाला!"

लमजदना हसू फुटलं. खोकला येईपर्यंत हसले. तिनं त्यांची पाठ थोपटली, आणि मला वाटतं हात काढायला ती विसरली.

गलका ऐकून सी ताहर आले, मागून गैथ. "एवढं काय अवघड आहे? मी तक्रार करून दाखवतो." नगराध्यक्षांनी स्वतःचा फोन काढला, बोट सवयीनं सरळ वर उजव्या कोपऱ्यात गेलं आणि त्यांचं नाव आधीच भरलेला विवाहाचा अर्ज उघडला.

"सी ताहर," मी म्हटलं, "आपल्याकडे दुसरं लग्न गुन्हा आहे हो!"

गैथनं डोक्याला हात लावला. मग मात्र तो निमूट माझ्याशेजारी बसला. दुपारपर्यंत तक्रार आपल्या जागी परतली, विवाह नोंदणी तिच्याखाली वेगळ्या रंगात गेली, आणि ठरलेल्या वेळेच्या पानावरच 'रद्द करा' असं ठळक बटण आलं. मी तीस जणांना फोन करून त्यांची लग्नं मोडली. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "खांब निदान ऐकून तरी घेतो. पण असो."

उरलं एक. दोघं अजून तिथंच होते, कागदातला खजुराचा गोड मक्रूद वाटून खात.

"सी लमजद, बटण तयार आहे. दाबू?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांना लागलेल्या मधाकडे. "इतक्या ठळक जागी कशाला ठेवलंस?" ते पुटपुटले.

मोंजिया खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं घसा साफ केला. "शनिवारी मला जमणार नाही. भाचीचा साखरपुडा आहे." आणि माझ्याकडे वळून, "तारीख बदलायची लिंक कुठाय गं?"

गैथ ती करायचीच विसरला होता. त्यानं पाच मिनिटांत केली.

दाखले गोळा व्हायला तीन आठवडे लागले. जुलैतल्या त्या शनिवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. बायकांच्या किलकाऱ्यांनी खिडक्या थरारल्या, घामानं सी ताहरांचा नगराध्यक्षपदाचा पट्टा खांद्यावरून घसरत होता, आणि लमजदनी 'हो' इतक्या जोरात म्हटलं की मोंजियानं त्यांना कोपरखळी मारली. मी चपला हातात घेऊन नाचत होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गैथ माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर होतं."

दरबुक्याच्या ढमढमाटात ऐकूच आलं नाही, असं दाखवून मी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं.