प्लास्टिकचा एक गुलाब

केशोरीच्या बाजारात योगेश्वरीचं फुलांचं दुकान होतं आणि तिथं प्लास्टिकला थारा नव्हता. हार पळसाच्या पानातच बांधून मिळायचा. पन्नी मागणाऱ्याला ती सरळ वाटेला लावायची. अशा बाईला लग्नाच्या वाढदिवशी नवऱ्यानं, ओमेश्वरनं, गोंदियाहून आणला तो प्लास्टिकचा गुलाब!

"कायले आणलं हे ध्यान?" ती कडाडली.

"सारा गाव तुह्याकडून फुलं नेते, तुले कोन देते?" तो खाली मान घालून म्हणाला. "अन् खरा गुलाब त बसमंदीच सुकला असता."

दुसऱ्या दिवशी गल्ल्याजवळ तो गुलाब पाहून एका गिऱ्हाइकानं टोकलं, "काऊन बाई, आता प्लास्टिक चालते?"

"विकाले नाही चालत," योगेश्वरी म्हणाली. "नवऱ्यानं देल्ला त चालते."