गुहागरला जायच्या वाटा

हंगामभर बियाणं खपवलं म्हणून कंपनीने माझ्या नवऱ्याला, राधेश्यामला, गुहागरच्या हॉटेलात दोघांची सोय करून दिली. जायचं मात्र आपलं आपण. तीर्थपुरीतलं बियाण्याचं दुकान सकाळी मी उघडते, रात्री मी बंद करते, तेव्हा दोघांतली दुसरी मीच असं मी आपलं धरून चालले. चाळिशी उलटली तरी समुद्र पाहिला नव्हता. पाहायचा होता.

सगळी चौकशी मीच केली. जालन्याहून रेल्वेने ठाणे, तिथून कोकणच्या गाडीने चिपळूण, पुढे एसटी. नाहीतर पुण्यापर्यंत ट्रॅव्हल्स आणि तिथून गुहागरची एसटी.

राधेश्याम भाकरी मोडत ऐकत होते.

"रेल्वेत तुला झोप येत न्हाई. बसमधी तर तुला गाडी लागती. जांब समर्थला जाताना किती उलट्या केल्त्या, आठव."

तेव्हा मला दिवस गेले होते. त्यांच्या लेखी ते काही नाही, उलट्या तेवढ्या वीस वर्षं जपून ठेवल्यात.

"मंग घरच्या जीपनं जाऊ," मी म्हटलं.

"घाटात तर तुला बिलकुल जमायचं न्हाई. तुझ्याच भल्याचं सांगून राह्यलो."

माझ्या भल्यासाठी ते मित्रांना जीपमध्ये कोंबून निघून गेले.

चौथ्या दिवशी परतले. जीपचं दार उघडलं आणि मला शिसारी आली. दारू, मासे आणि ओकारी, सगळं उन्हात शिजलेलं. मागच्या सीटवर त्याची खपली धरली होती, पायाखालच्या रबरावर त्यातच वाळू चिकटलेली. माझ्या वाट्याला आलेला समुद्र तो एवढाच.

"घाटात जरा गाडी लागली," ते म्हणाले. "जल्दी पाणी मारून घे."

"कुणाला लागली?"

"मलाच की. जाताना बी, येताना बी."

"आन समुद्र?"

"कुठला समुद्र. खोलीतच पडून होतो."

जीपपेक्षा त्या माणसाचीच मला जास्त किळस आली. स्वतः पाहिला नाही, मलाही पाहू दिला नाही, आणि वर घाण काढायला मी. बादली भरून आणली होती, ती त्यांच्या पायाशी ठेवली.

"ज्याची त्यानं धुवावी. मी जालन्याला चाल्ले, रेल्वेचं तिकीट काढायला."

"किती जणांचं?"

"एकाचं. तुम्हाला गाडी लागती."