महादेवाच्या डोक्यावरचं पॅकिंग

ट्रकमधून एक पेटी पडली आहे हे चालकाला कारखान्याच्या फाटकात आल्यावर कळलं. पुण्याहून बारा पेट्या निघाल्या होत्या, पोचल्या अकरा. दिंद्रुडच्या अलीकडं रस्ता उखडलेला होता, तिथं गाडी जोरात आदळली होती, एवढंच त्याला आठवत होतं.

डिस्टिलरीचे मॅनेजर मोहनराव यांनी पेट्या स्वतः मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि तिथंच उन्हात एका पेटीवर बसले. २०१३ सालचा मे महिना होता. धरणाचा तळ उघडा पडला होता आणि सरकारनं सहकारी कारखान्याला मिळणारं पाणी एक तृतीयांशावर आणलं होतं. ऊस नव्हताच, पण मागच्या हंगामातली मळी टाक्यांमध्ये भरून पडली होती. ती आंबवून तिचं स्पिरिट काढलं असतं तर डिस्टिलरीच्या साठ माणसांना काम मिळालं असतं. अडचण होती ती जुन्या कॉलमची. कॉलम म्हणजे डिस्टिलरीतला तो उंच, नळकांड्यासारखा मनोरा. त्यात वरून आंबवलेल्या मळीचा रस उतरतो, खालून वाफ चढते आणि दोघांची गाठ पडत पडत स्पिरिट तेज होत जातं. जुन्या कॉलमात तांब्याचे ट्रे होते, एकावर एक मजल्यांसारखे. प्रत्येक मजल्यावर तुंबलेल्या रसातून वाफेला जोर लावून वर जावं लागे. वाफ जास्त लागायची, आणि जेवढी वाफ जास्त तेवढं ती थंड करायला पाणी जास्त. तेवढं पाणी आता नव्हतं.

म्हणून संचालक मंडळानं ट्रे काढून पॅकिंग बसवायचं ठरवलं होतं. पॅकिंग म्हणजे कागदासारख्या पातळ स्टीलचे, चुण्या घातलेले पत्रे एकमेकांना चिकटून उभे रचलेले ठोकळे. असे चार ठोकळे मिळून एक गोल थर व्हायचा आणि असे बारा थर कॉलमात बसायचे. हरवलेल्या पेटीत एक अख्खा थर होता. नवीन करून पाठवायला सात आठवडे लागतील असं पुण्याच्या कंपनीनं फोनवर सांगितलं.

आठवडाभरात पेटीचा पत्ता लागला नाही, तेव्हा मोहनरावांनी रुद्रप्पाला बोलावलं. रुद्रप्पा डिस्टिलरीचा फिटर, नोकरीची सव्वीस वर्षं झालेली. जुन्या कॉलमातला प्रत्येक ट्रे त्यानं हातानं घासला होता, आणि हे पॅकिंग त्याला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. भर बैठकीत तो बोलला होता की या जाळीतून रस एका बाजूनं गळून जाईल, वाफ दुसऱ्या बाजूनं निघून जाईल, दोघांची भेट व्हायचीच नाही. तरीही मोहनरावांनी त्यालाच धाडलं, कारण दिंद्रुड ही रुद्रप्पाची सासुरवाडी होती.

त्याची बायको दानम्मा हे ऐकून लगेच लुगडं बदलायला गेली. दुष्काळामुळं तिचं वर्षभरात माहेरी जाणं झालं नव्हतं. मोटरसायकलवर मागं बसून तिनं नवऱ्याला बजावलं की तिथं तोंड उघडायचं नाही, विचारपूस ती करेल. जावयानं चोरीची चौकशी केली तर गाव रागावेल, लेकीनं केली तर चहा मिळेल.

चहा खरोखरच मिळाला, सहा घरी. शेवटी एसटी थांब्यावरच्या हॉटेलात पहिला ठोकळा सापडला. हॉटेलवाल्या सटवानं तो कूलरमध्ये गवताच्या जागी बसवला होता. पेटी रस्त्यावर फुटून पडली होती, त्यानं काहीही लपवलं नाही. कूलरचीच जाळी असेल असं वाटलं, म्हणाला, आणि हवा लई गार येते. त्याला नवीन गवत आणून द्यायचं कबूल झालं तेव्हा त्यानं ठोकळा काढून दिला. पेटीतले बाकीचे तीन कोणी नेले ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

दुसरा अर्जुनरावांच्या कांद्याच्या चाळीत निघाला. ढिगाच्या मधोमध हवा खेळावी म्हणून त्यांनी तो उभा केला होता आणि त्याच्या आसपासचा एकही कांदा सडला नव्हता, हे त्यांनी चार कांदे फोडून दाखवलं. तिसऱ्यासाठी दोघं दुपारभर गावात हिंडले. थकून दानम्माच्या भावाच्या घरी परतले, तर तिची भावजय सुंदरबाई माठातून पाणी काढत होती. सकाळी आल्या आल्या दोघांनी त्याच माठाचं पाणी प्यायलं होतं. माठाखाली ठोकळा होता.

"आवो वन्सं, तुमी लोखंडाची पेटी हुडकता म्हनलाव," सुंदरबाई म्हणाली. "ही तर माझी घडवंची हाय."

दानम्मा हसत हसत खालीच बसली. रुद्रप्पालाही हसू आलं, पण चौथा ठोकळा अजून बाकी होता. चौथा कुठं आहे ते सुंदरबाईला माहीत होतं. सांगावं की नको असा विचार करत ती जरा वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, तो महादेवाच्या देवळात आहे.

गावाबाहेरच्या त्या देवळाची पूजा मन्मथप्पा स्वामी करत. पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या गळतीतून देवावर थेंब थेंब पाणी पडायचं. एरवी दिवसाला घागरभर पाणी लागे. या वर्षी गाव टँकरवर जगत होतं, म्हणून बायकांनी पाळी लावली होती, रोज एका घरानं तीन तांबे द्यायचे. तेवढ्या पाण्यात पिंडीच्या माथ्यावर रुपयाएवढी जागा भिजायची, बाकीचा देव कोरडाच.

रुद्रप्पा गाभाऱ्यात वाकून शिरला आणि जागीच थांबला. चौथा ठोकळा थराच्या कडेचा होता, एका बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं गोल. म्हणजे अगदी चंद्रकोरीसारखा. मन्मथप्पांनी तो तिवईवर ठेवून गळतीखाली बसवला होता. रस्त्यात चंद्रकोर सापडली ती महादेवाचीच, यात गावाला काही शंका नव्हती. पण रुद्रप्पा चंद्रकोर बघत नव्हता. तो पिंडी बघत होता. वरून एका जागी एक थेंब पडत होता आणि खाली सगळी पिंडी ओली होती.

तो मांडी घालून बसला. थेंब चुणीत शिरला की पत्र्यावर पसरायचा, पुढच्या घडीवर त्याचे दोन व्हायचे, शेजारच्या पत्र्याला शिवला की आणखी फाटे फुटायचे. खाली पोचेपर्यंत त्याची ठोकळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओल झालेली असायची. एका बाजूनं गळून जात नव्हता. रुद्रप्पानं ठोकळ्याखाली गाल नेला आणि वर फुंकर मारली. हवा सरळ वर निघून गेली, ओल्या पत्र्यांना घासत.

त्यानं दानम्माकडून सटवाचा ठोकळा मागून घेतला, पहिल्याच्या खाली आडवा धरला आणि स्वामींना जरा जास्त पाणी सोडायला सांगितलं. वरच्या ठोकळ्यानं पाणी लांबीत पसरवलं, खालच्यानं रुंदीत. पॅकिंगसोबतच्या कागदावर लिहिलं होतं की प्रत्येक थर खालच्या थराला आडवा बसवावा. ते वाचून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या होत्या. आता तो एकटाच मोठ्यानं हसला.

त्या दिवशी पाळी होती केसरबाईंची. सत्तरीच्या केसरबाई दारात उभ्या राहून आपला दिवसभराचा तांबा संपताना बघत होत्या.

"जावाईबापू," त्या म्हणाल्या, "माझं पानी सांडून हसायलाव कावून?"

रुद्रप्पानं क्षमा मागितली आणि खरं काय ते सांगून टाकलं, ही वस्तू कारखान्याची आहे, कॉलमात बसवायची आहे, तिच्यावाचून साठ माणसं घरी बसून आहेत. मन्मथप्पा म्हणाले, पाणी बायकांचं आहे, त्यांनाच विचारा. थोड्या वेळात देवळासमोर पंधरा-वीस बायका जमल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. चंद्रकोर आल्यापासून तीन तांब्यांचं काम एका तांब्यात होत होतं, ती गेली की पुन्हा तीन. केसरबाईंची शंका वेगळी होती.

"देवाच्या डोक्यावरची वस्तू तुमी दारूच्या भट्टीत घालनार?"

रुद्रप्पानं स्वतः उभ्या जन्मात थेंब चाखला नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, दवाखान्यात सुई टोचायच्या आदी गार गार कापूस लावत्यात, त्येला आमचंच स्पिरिट असतंय. तुमचं डोळ्याचं आपरेशन झालं तवा बी लावलं असंल."

केसरबाईंनी नकळत चष्मा सारखा केला. बायका हसल्या. मग दानम्मा, जी इतका वेळ माहेरच्या बायकांच्या घोळक्यात उभी होती, पुढं झाली आणि नवऱ्याला न विचारता म्हणाली, "ह्येच्यासारखीच दुसरी करून देत्याल हे. तांब्याची. सोमवारपस्तोर."

सोमवार चार दिवसांवर होता. बायका तयार झाल्या, पण तोवर स्टीलची चंद्रकोर देवळातच राहणार होती. तीन ठोकळे घेऊन दोघं परतले आणि वाटेत त्यानं एवढंच विचारलं की तांबं कुठून आणायचं. दानम्मा म्हणाली, ते तुमचं तुम्ही बघा.

तांबं जुन्या कॉलममधूनच आलं. मोहनरावांनी भंगारात काढलेला एक ट्रे लेखी परवानगीनं देवळाला देऊन टाकला. रुद्रप्पानं त्याचे पट्टे कापले, भट्टीत तापवून मऊ केले, लोखंडी अँगलच्या धारेवर ठेवून लाकडी हातोडीनं एक एक तिरपी चुणी पाडली आणि बारीक छिद्रं मारली. दोन दिवस वर्कशॉपमध्ये दुसरा आवाज नव्हता. पट्टे तयार झाल्यावर त्यानं ते एकत्र बांधले, तर सगळे एकमेकांत पोळ्यांच्या चवडीसारखे बसून गेले. मधे वाट उरलीच नाही, पाणी बाहेरूनच ओघळून गेलं. तो वैतागून घरी आला आणि ते गाठोडं दानम्मासमोर टाकलं. तिनं कंपनीचा ठोकळा शेजारी ठेवला, दोन्हींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली की यांच्यात एक पत्रा उजवीकडं झुकलेला आहे तर शेजारचा डावीकडं, आणि तुमचे सगळे एकाच बाजूला निघालेत.

सव्वीस वर्षांच्या फिटरला हे दिसलं नव्हतं. त्यानं दर दुसरा पट्टा उलटा फिरवला आणि पुन्हा बांधला. न्हाणीत नेऊन पेलाभर पाणी ओतलं. खाली सगळी फरशी सारखी ओली झाली. दोघं नवराबायको त्या ओल्या फरशीकडं बघत बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग दानम्मा म्हणाली की पेलाभर पाणी गेलंच आहे तर फरशी तरी पुसून घेते.

सोमवारी तांब्याची चंद्रकोर देवळात बसली. उजळ तांब्यावरून पाणी उतरताना गाभाऱ्यात लालसर झाक पडली आणि पिंडी खालपर्यंत भिजली. बायकांनी एकच तांबा वापरला होता. केसरबाईंनी स्टीलची चंद्रकोर स्वतः धुऊन, हळदकुंकू लावून रुद्रप्पाच्या हातात दिली. तो ते कुंकू पुसणार नाही असं म्हणाला, पण कागदावर सगळं स्वच्छ असावं असं लिहिलेलं असल्यामुळं कारखान्यात पोचल्यावर त्यानं हात जोडले आणि पुसलं.

पॅकिंग बसवायला कॉलमात तो स्वतः उतरला. कंपनीचा माणूस बाहेरून ठोकळे देत होता. एक थर उभा, दुसरा आडवा. प्रत्येक थर बसला की रुद्रप्पा तो कडेनं दाबून बघे, फट राहिली तर उचलून पुन्हा बसवी. बाराव्या थरापर्यंत त्याचा आवाज आतून घुमत होता, आणि बाहेरच्यांना कळलं की तो गुणगुणतोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कॉलम सुरू झाला. डिस्टिलरीची जी काही माणसं जवळपास होती ती सगळी काचेच्या पेटीभोवती जमली. स्पिरिट आधी त्या पेटीतून वाहतं आणि ते किती तेज आहे ते तिथंच काट्यावर कळतं. पहिली धार आली, स्वच्छ, काचेसारखी. मोहनरावांनी काटा वाचला आणि रुद्रप्पाकडं पाहिलं. रुद्रप्पानं वाफेचा व्हॉल्व्ह एक फेरा कमी केला. दहा मिनिटं थांबले. काटा हलला नाही. त्यानं आणखी एक फेरा कमी केला. काटा तिथंच. जुन्या कॉलमात एवढी वाफ तोडली असती तर स्पिरिट केव्हाच पातळ झालं असतं. तिसऱ्या फेऱ्यानंतर मोहनराव म्हणाले की आता पुरे.

"साहेब, आनखी अर्धा फेरा," रुद्रप्पा म्हणाला. "ह्येला जमतंय."

अर्धा फेराही जमला. कूलिंग टॉवरचा माणूस धावत आला आणि सांगू लागला की टाकीतलं पाणी अजून निम्म्याच्या वर आहे. मोहनरावांनी तिथंच खिशातून कागद काढला आणि तिन्ही पाळ्यांच्या माणसांची नावं लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठच्या साठ माणसं हजर झाली. कोणी सायकलवर, कोणी जीपला लटकून, दोघं तर पाहुण्यांकडून तसेच नव्या धोतरात आले होते. नवीन कॉलम कसा चालवायचा ते समजावून सांगायचं काम मोहनरावांनी रुद्रप्पावर टाकलं. तो उरलेल्या पत्र्याचा तुकडा हातात धरून उभा राहिला आणि थेंब कसा शिरतो, कुठं फुटतो, वाफ त्याला कुठं गाठते ते सांगू लागला. तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. मग तेच पाणी परातीत धरून पुन्हा ओतून दाखवलं. एकानं विचारलं की आधी तर तुम्हीच म्हणत होता, दोघांची भेट होणार नाही.

"तवा मी बगितलं नव्हतं," रुद्रप्पा म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

दुपारी एकच्या सुमाराला दानम्मानं निरोप धाडला की भाकरी गार झाली. तो येतो म्हणाला, पण पाण्याचा तांबा त्यानं खाली ठेवला नाही.