स्क्रीनवरचे अण्णा

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. बुकिंगच्या स्क्रीनवर अण्णा प्रकटले होते! अण्णा म्हणजे मालकांचे वडील, वारून वर्ष झालेले. मालाच्या पावत्यांमागून त्यांचा धूसर चेहरा दिसत होता. ड्रायव्हर हात जोडून उभे, हमाल डोळे पुसतायत, आणि सगळ्यांच्या पुढे महाराज, डोळे मिटून पण कान उघडे ठेवून.

"आत्मा तळमळतोय," महाराज घुमले. "या खुर्चीत बसणारीचा पायगुण वाईट. तिला घालवा, अण्णा सुटतील."

त्या खुर्चीत बुकिंगवाली ताई बसायची. तिचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. मालक खाली मान घालून म्हणाले, "ताई, महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा. माझाही नाइलाज आहे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मान मोडून काम केलं ते यासाठी? तिने अण्णांना नीट निरखलं. तोच तिरका टाय, तेच अर्धवट हसू. हा तर मालकांनीच वर्षभर स्क्रीनवर ठेवायला लावलेला फोटो! पावत्या करताना तेवढा बाजूला, एरवी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मॉनिटर बंद करायला गेलं की मालक खेकसायचे, "अण्णांना अंधारात ठेवता?" बरं, आत्मा आलाच होता, तर त्याला साधी मानही वळवता येऊ नये?

ताई गोड आवाजात म्हणाली, "महाराज, मालकांच्या केबिनमध्ये नवा मॉनिटर आलाय. अण्णा तिकडे फिरकू नयेत म्हणून त्यावर आपला फोटो ठेवू या का? पण क्षणभरही बंद करायचा नाही हं."

"आमचं तेज अखंडच असतं, बाई!" महाराज फुगले. स्वतःच्या थोबाडाची हौस दांडगी. गालांना लाली फासलेला फोटो त्यांनी लगेच काढून दिला.

शेवटच्या दिवशी ताईने सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. महाराज सोफ्यावर ऐसपैस पसरले होतेच. तिने फोटो बंद करून कोरं पान उघडलं. पानावर महाराज! धुरकट, पण तेच फुगलेले गाल.

"महाराज," ताईने विचारलं, "आपण कधी वारलात?"

एक हमाल फिसकन हसला, मग अख्खं ऑफिस.

"ही... ही आमची सिद्धी..."

"कसली सिद्धी नि कसलं काय! एकच चित्र सतत पेटतं ठेवलं की स्क्रीन तेवढ्या जागी झिजते आणि डाग उरतो. अण्णांचा वर्षाचा, तुमचा महिन्याचा. माझ्या पायांचा काय संबंध?"

मालक लगबगीने पुढे आले. "ताई, उद्यापासून नेहमीसारख्या या."

"येईन. पण माझा पायगुण चारचौघांत काढलात, तो चारचौघांतच मागे घ्या."

"चुकलो, ताई," मालक सगळ्यांसमोर म्हणाले. महाराज तोवर दाराशी चपला शोधत होते.

ताईने मॉनिटरचं बटण दाबलं. "जागेवरून उठलात की हे बंद करत जा, मॉनिटर जास्त टिकेल. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी एकदा विचारा, हे झालं कसं?"