बारदान वजा जाता

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला टेकून पडलेला असतो. कोपरा उडालाय, काच पिवळी पडलीय, स्प्रिंग कुरकुरते. पण आकडा अजून खरा दाखवतो. त्याचं कौतुक कोण करतंय म्हणा. आकडा आवडला नाही की लोक मलाच खोटं ठरवतात.

कारखान्यात ठोकून-ठाकून बनलो आणि या घरात आलो. घरातली लेक रोज माझ्यावर उभी राहायची. ती सासरी गेली, मी पलंगाखाली गेलो. धूळ खात वर्षं काढली.

मग तिच्या बापाचं, घरातल्या म्हाताऱ्याचं हृदय दमलं. आठ दिवस दवाखान्यात काढले त्यानं. घरी सोडताना नर्सबाईंनी नवरा-बायकोला समोर बसवून समजावलं होतं. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं, वहीत लिहायचं. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, ते आधी काट्यावर दिसतं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट बघायची नाही, दवाखान्यात फोन करायचा. म्हणून मला पलंगाखालून बाहेर काढलं.

पण म्हातारा पडला बाजारातला मापाडी. चाळीस वर्षं पोती तोललेली. रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदान, वजा करायची सवय हाडात मुरलेली. मी बासष्ट दाखवले, त्यानं कपड्यांचं वजा करून एकसष्ट लिहिले. मी त्रेसष्ट दाखवले, त्यानं स्वेटर वजा केला. चौसष्टला शाल, पासष्टला किल्ल्या. चार दिवस वहीत आपले एकसष्ट. त्याला पुन्हा दवाखान्यातल्या त्या खाटेवर जायचं नव्हतं, दुसरं काही नाही. मी मात्र दाखवून दाखवून थकलो.

पाचव्या सकाळी बायको मागं येऊन उभी राहिली. पायावरचे मोज्यांचे खोल वळ आणि आडवं झालं की दम लागतो म्हणून रात्री घेतलेल्या तीन उशा तिनं बघितल्या होत्या.

"पासष्ट आहेत," ती म्हणाली.

"बारदान वजा कर की."

तिनं त्याला खाली उतरवलं. स्वेटर, शाल, किल्ल्या, सगळं माझ्यावर ठेवलं. माझी सुई जेमतेम किलोवर आली.

"तुम्ही मापाडी ना? मग बाकीचे तीन कुठनं आले ते सांगा."

म्हातारा स्टुलावर बसला. 

"पाणी आहे," म्हणाला. "फोन दे इकडं. मीच बोलतो."

खरा आकडा सांगितला, पायाची सूज सांगितली, उशाही सांगितल्या. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासलं, अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळी वाढवली. कुठली गोळी कशासाठी, हे म्हाताऱ्यानं पहिल्यांदाच विचारलं. खाट टळली. आठवड्यात मी पुन्हा बासष्टवर आलो, आणि वहीतही बासष्टच लिहिले गेले.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचं हृदय दमलेलं असेल तर त्याच्यावर ओरडू नका. सकाळी शेजारी उभे राहा, दिसेल तेच लिहायला लावा. मी आता भंगारात जायला आलोय, तुम्ही नवा काटा आणाल. त्याचंही ऐका. आम्हाला कुणाला घाबरवायचं नसतं हो. वेळेत सांगायचं असतं, एवढंच.