पुंडलिकरावांचा लाल चेहरा

नालवाडीच्या रस्त्यावर त्या दुपारी इतकी माणसं गोळा झाली की वर्ध्याहून आलेली एस.टी. अडकली. कंडक्टर रस्ता मोकळा करायला उतरला तो परत आलाच नाही. त्याला शोधायला ड्रायव्हर गेला, तोही नाही. मग उतारूही उतरले. एक म्हातारा केळझरच्या गणपतीला नारळ घेऊन निघाला होता, त्यानं तो इथेच फोडला आणि घरची वाट धरली, असं सांगतात.

कारणच तसं होतं. रूपरावांच्या फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आठवड्यापूर्वी वारलेले पुंडलिकराव लाल होत होते.

नवरा-नवरीला फोटोसाठी बसवायच्या स्टुलावर मांत्रिक झिंगरूबाबा बसले होते. माऊसवर लिंबू ठेवलेलं. कीबोर्डवर एवढं कुंकू ओतलेलं की चार बटणं कायमची बसली.

"पाहा भक्तहो, आता चेहरा कसा हाये?"

"गोरा, बाबा!"

"आता मी मंत्र म्हणतो. मुर्दा डोळे मिटंल. मंग हाक देतो. सुखानं मेला असंल तर गोराच येईन. घात झाला असंल तर..." बाबांनी गळ्यावरून बोट फिरवलं, आणि पुटपुटू लागले. मंत्रात हार्डडिस्काय नमः होतं, की-बोर्डाय स्वाहा होतं, मधूनच विजेच्या खात्यालाही नमस्कार होता. मंत्र लांबला. पडद्यावर काही हालचाल नाही, आणि एकाएकी पडदा काळा झाला. बायांनी हात जोडले. बाबांनी "ऊठ रे पुंडलिक!" म्हणून लिंबू जरा ढकललं. माऊस हलला, पडदा उजळला.

चेहरा लालभडक. डोळ्यांच्या पांढऱ्यासकट.

"रगत!" बाबा ओरडले. "घरच्याच हातानं चहातून जहर घातलं याले!"

साऱ्या माना एकाच बाईकडे वळल्या. पुंडलिकरावांची सून, गुंजन.

पुंडलिकराव किराणा दुकानदार. थंडीभर त्यांच्या छातीत दुखत होतं, आणि थंडीभर ते झिंगरूबाबांची राख चाटत होते. गुंजन एकटीच म्हणायची, "मामाजी, राख राहू द्या, वर्ध्याले दवाखान्यात जाऊ." कोणी ऐकलं नाही. एका सकाळी तराजू हातात असतानाच ते गेले. आता लोक राखेबद्दल विचारू लागले असते तर बाबांची पंचाईत होती. त्यांना कोणाकडे तरी बोट दाखवायचंच होतं.

"तेरवीले उकळत्या तेलातून रुपाया काढंल ही," बाबांनी निकाल दिला. "खरी असंल तर फोडही येणार नाई."

सासू मंदाबाईंनी मान डोलावली. नवरा पियुष आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

"आई, तुमाले तरी खरं वाटते का हे?" गुंजननं विचारलं.

बाबांच्या चेल्यांनी तिला दुकानामागच्या पोत्यांच्या कोठडीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

त्या दिवसापासून रूपराव त्या कोठडीकडची वाट टाळू लागले. लाल चेहरा पहिल्यांदा त्यांनीच पाहिला होता, आणि घाबरून गावभर त्यांनीच सांगितला होता. घरच्यांनी फ्रेमसाठी दिलेला फोटो संध्याकाळी नीट केला, सकाळी पाहिला तर लाल. यंत्र बंद करून चालू केलं, पुन्हा गोरा. जेवून आले, पुन्हा लाल.

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी मेघा मॅडम स्टुडिओत आल्या. वर्ध्याच्या एका कॉलेजात त्या कॉम्प्युटर शिकवायच्या. आल्या होत्या पासपोर्टच्या फोटोसाठी, पण बाबांचा सगळा प्रकार कानावर आला होता, म्हणून खुर्ची ओढून यंत्रासमोरच बसल्या.

"रूपरावभाऊ, लग्नाचे फोटो लाल होतात का?"

"नाई ना मॅडम, तेच तर! नवरी जशीच्या तशी राह्यते. मुर्दाच लाल होते."

"लग्नाचं काम झाल्यावर यंत्र बंद करता?"

"रोज."

"आणि हे पुंडलिकरावांचं?"

रूपराव घुटमळले. "आमच्या बाबूजींचा नेम हाये. मेलेल्याचा फोटो हाती घेतला का तयार होईस्तोवर स्टुडिओतला दिवा मालवाचा नाई. ते कंदील ठेवत. मी हे चालू ठेवतो."

"या कॉम्प्युटरवर मेलेल्या माणसाचं हे पहिलंच काम?"

"पहिलंच. दिवाळीतच तर घेतला, जुन्यात."

मेघानं यंत्र बंद करून चालू केलं. क्षणभर सगळा पडदा तांबडा दिसला, मग रंग जागेवर आले.

"हे तर रोजचंच हाये," रूपराव म्हणाले. "ट्यूबलाइट नाई का फडफडत?"

"भाऊ, तुमचा मॉनिटर म्हातारा झाला. तो सगळंच लाल दाखवते. विकणाऱ्यानं आत एक प्रोग्राम टाकला, तो रंग सावरून घेते. पण यंत्र सुरू होताना, एकदाच. बराच वेळ हात लावला नाही तर यंत्र झोपी जाते. झोपून उठलं का ते सावरणं पुसलं जाते, अन् प्रोग्राम काही दुसऱ्यांदा धावत नाही. लग्नवाले रोज बंद होतात, म्हणून ते गोरे. पुंडलिकरावांना तुम्ही रात्रभर झोपवलं. बाबा मंत्र लांबवते तो ते झोपावं म्हणूनच."

तिनं एका लग्नाचा फोटो लावला, यंत्र झोपवलं, उठवलं. नवरा-नवरी बिटासारखे लाल! रूपराव खो खो हसले. हसता हसता त्यांना घाम फुटला.

"चला," मेघा उठली. "आत्ताच जाऊन सांगू."

"आत्ता? बाबाचे पोट्टे काचा फोडतील दुकानाच्या! उद्या दुपारी तेरवीत दाखवू ना, साऱ्या लोकायपुढं."

"ती कोठडीत आहे, भाऊ."

"एका रात्रीनं काय होते, मॅडम?"

मेघा एकटीच पुंडलिकरावांच्या घरी गेली. दारातल्या चेल्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही. "उद्या येजा, मॅडम, जेवाले," म्हणून दात काढले. पण कॉम्प्युटरवाली बाई येऊन गेल्याचं बाबांच्या कानावर घातलंच. बाबांनी दुपारचं तेल सकाळवर आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ठरल्या वेळेला, मॉनिटर मांडीवर घेऊन रूपराव ऑटोनं पोचले, मेघा शेजारी यंत्र धरून. मांडवात मधोमध कढई, खाली जळती लाकडं. ओट्यावर गुंजन बसली होती. तिचा उजवा हात कोपरापर्यंत ओल्या धोतरात गुंडाळला होता. ती रडत नव्हती. दात वाजत होते.

"फोड आले!" बाबा सांगत होते. "पाप सिद्ध झालं!"

मेघानं पियुषला हाताला धरून ऑटोकडे ढकललं. "तिला दवाखान्यात ने. पळ!" मग मांडवातच यंत्र जोडलं. बाबांचा एक चेला छातीवर बाबांचाच बिल्ला लावून उभा होता, त्यावरचा चेहरा मोबाइलनं टिपून तिनं पडद्यावर लावला. मंत्र नाही, लिंबू नाही. यंत्र झोपवलं, उठवलं. झिंगरूबाबा लालभडक.

"घात झाला यांचा," मेघा म्हणाली. "आता कोणाचा हात घालायचा तेलात?"

"माया हाये ही! परीक्षा हाये!" म्हणत बाबा मांडवाच्या मागच्या बाजूला सरकले. तिथे पोलीस उभा होता. एस.टी.वाल्या त्याच कंडक्टरनं त्याला आणला होता. मंदाबाई कढईकडे पाहत खाली बसल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

गुंजनचा हात वाचला, बोटं मात्र एकमेकांना चिकटली. रूपराव दवाखान्यात भेटायला गेले. उभ्या उभ्याच त्यांनी म्हाताऱ्या मॉनिटरची सगळी गोष्ट तिला समजावून सांगितली. गुंजननं शांतपणे ऐकून घेतली.

"भाऊ, हे तुमाले कवा समजलं?"

रूपरावांनी खोटं बोलायचा विचार केला. जमलं नाही. "आदल्या दिवशी. संध्याकाळी."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

वाचणाऱ्यांनो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा: हा कधी होतो, कधी होत नाही, आणि दोन्ही वेळी माणूस काय वेगळं करतो? उत्तर सापडेल. अवघड काम त्याच्या पुढचं आहे. सापडलं की मोठ्या सभेची वाट पाहू नका, दुकानाच्या काचा मोजू नका. त्याच पावली जा, दार वाजवा आणि सांगा. तेल तापायला फार वेळ लागत नाही.