एकशे चाळीस पायऱ्या

क्रेनच्या केबिनपासून जमिनीपर्यंत शिडीच्या एकशे चाळीस पायऱ्या. तिथून संडासापर्यंत साठ पावलं. आतड्यांना सूज असलेल्या बाईला दुसरं काही मोजायला सुचत नाही.

सकाळी, घरी.

"आई ऑफिसात गेली," लेक सांगते. ऑफिस म्हणजे आमचा संडास. नाव तिनंच ठेवलंय.

नवरा दाराबाहेरून, "रक्त?"

"थोडं."

"अगं, मुकादमाला सांगून टाक."

"सांगितलं की शिडीला हात लावू देणार नाहीत. सात वर्षं चढतेय मी."

"आणि वर असताना झालं तर?"

"कालपासून खाल्लंच नाही काही. रिकाम्या पोटातून काय येणार?"

अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

दहा वाजता, वर.

हुकाला सळ्यांचा भारा. ओझं लटकत असताना खुर्ची सोडायची नाही, मरण आलं तरी.

भारा वर उचलला आणि पोटात कळ आली.

रेडिओवर मामा. खालून इशारे देतात ते, म्हातारे. बोललेलं साइटवर सगळ्यांना ऐकू जातं.

"पोरी, डावीकडे घे. झोपलीस काय?"

डोळ्यांपुढे काजवे. लिव्हरवरचा हात थरथरला. भारा झुलायला लागला.

सांगू नकोस.

खाली पिवळी हेल्मेटं. चार. नाही, पाच.

सांगू नकोस, चारचौघांत...

पाच.

"मामा, माणसं हटवा. भारा खाली ठेवते."

"मधेच? का गं?"

"आतड्यांचा आजार आहे मला. दोन वर्षं झाली. हात थरथरतोय."

रेडिओवर कुणीतरी फिसकन हसलं.

"दात काढतोय कोण? बाजूला व्हा सगळे! हळू, पोरी. दोन मीटर. एक. टेकला."

एकशे चाळीस. एकशे एकोणचाळीस. उतरायला लागले.

एकशे दोन.

तिथं उशीर झाला. मग घाई उरली नाही. पायऱ्या मात्र उरल्या होत्या, एकशे दोन.

खाली मामा पाठ करून उभे. हात मागे, हातात त्यांचं जाकीट. मी ते कमरेला गुंडाळलं.

मुकादमानं तळहात पुढे केला. "केबिनची चावी."

दिली.

"परत मिळेल?"

त्यानं वर, रिकाम्या केबिनकडे पाहिलं. "डॉक्टरची चिठ्ठी आण आधी. मग बघू."

साठ पावलं बाकी होती. सगळे वाट सोडून उभे होते.